किती घट्ट म्हणजे घट्ट?

नांदेडहून लातूरला जाताना लोहा मागे पडले होते आणि अहमदपूर यायचे होते, तेव्हा आमच्या मोटारीचे मागचे चाक बसले. स्टेपनी होती, जॅक होता, चाकाचा पानाही होता. पण चारपैकी एकही नट हलेना. आठवड्यापूर्वीच टायर बदलून घेतले होते आणि दुकानातल्या मुलाने हवेच्या गनने नट आवळले होते. शेवटी मी पान्यावर उभा राहिलो. तीन नट कुरकुरत सुटले. चौथ्यासाठी एका ट्रॅक्टरवाल्याने हातभर लांबीचा लोखंडी पाइप दिला. तो पान्याच्या दांड्यावर चढवून जोर लावला आणि 'कट्' आवाज झाला. नट सुटला खरा, पण अर्धा बोल्ट घेऊनच!

स्टेपनी लावताना मीही तेच केले. उरलेले तीन नट पान्यावर उभे राहून आवळले. लातूरच्या मिस्त्रींनी ते पाहिले आणि म्हणाले, "सर, ढिला नट जेवढा वाईट, तेवढाच जास्त पिळलेलाही वाईट. मापात पाहिजे."

मापात म्हणजे किती? हा प्रश्न घेऊन मी टॉर्क पान्याच्या शोधाला लागलो. दुकानात याला 'टॉर्क रेंच' म्हणतात. घरी गाडीची किरकोळ कामे करणाऱ्याला परवडेल असा छोटा टॉर्क पाना कसा निवडावा, हे सांगण्यासाठी हा लेख आहे. मात्र निवड नीट करायची तर आधी नट आवळताना नेमके काय होते ते समजून घ्यायला हवे. हे सारे विज्ञान आपल्या शाळेच्या पुस्तकातलेच आहे.

पान्यावरचे गणित

दाराला बिजागरीजवळ ढकलले तर दार हलत नाही, कडेला एका बोटाने ढकलले तरी उघडते, हे आपण मुलांना सांगतोच. फिरवण्याचा परिणाम केवळ बलावर अवलंबून नसतो. बल अक्षापासून किती अंतरावर लावले यावरही असतो. बल आणि लंब अंतर यांच्या गुणाकाराला बलाचे आघूर्ण म्हणतात. गॅरेजमध्ये त्यालाच 'टॉर्क' म्हणतात. त्याचे एकक न्यूटन-मीटर.

आता माझ्या पराक्रमाचा हिशेब करू. माझे वस्तुमान ६० किलोग्रॅम, म्हणजे वजन सुमारे ५९० न्यूटन. चाकाच्या पान्याचा दांडा ३० सेंटीमीटर. टोकावर उभे राहिल्यास टॉर्क झाला ५९० × ०.३, म्हणजे सुमारे १७७ न्यूटन-मीटर. छोट्या मोटारींच्या चाकाच्या नटासाठी उत्पादक सामान्यतः ८० ते १२० न्यूटन-मीटर सांगतात. म्हणजे मी जवळजवळ दुप्पट आवळत होतो. पाइप चढवून दांडा एक मीटरचा केला आणि तेवढाच भार दिला, तर टॉर्क ५९० न्यूटन-मीटर होतो. बोल्ट मोडला यात नवल ते काय?

उलटी बाजूही पाहा. मोटारसायकलच्या १० मिलिमीटर आट्याच्या स्पार्क प्लगला साधारण १० ते १२ न्यूटन-मीटर टॉर्क पुरतो. २० सेंटीमीटरच्या पान्यावर त्यासाठी ६० न्यूटन, म्हणजे सहा किलोच्या वजनाएवढे बल लागते. एवढे बल मनगट सहज लावते आणि कळायच्या आत त्याच्या दुप्पटही लावते. प्लग पोलादी, पण त्याखालचे हेड अ‍ॅल्युमिनियमचे. मऊ धातूचे आटे जातात आणि काही रुपयांच्या प्लगपायी सगळे हेड उतरवून लेथवाल्याकडे न्यावे लागते. इंजिन ऑइलच्या चेंबरच्या खालच्या बोल्टचीही हीच गत.

बोल्ट म्हणजे स्प्रिंग

नट आवळल्यावर तो घट्ट राहतो कशामुळे? 'आटे एकमेकांत अडकतात म्हणून' हे उत्तर अपुरे आहे. नट फिरत पुढे जातो, चाकाला टेकतो आणि त्यानंतरही आपण फिरवत राहतो, तेव्हा बोल्ट ताणला जातो. पोलाद स्थितिस्थापक आहे. ताणलेला बोल्ट रबरासारखा परत आखडू पाहतो आणि त्या ओढीने चाकाला हबवर दाबून धरतो. या दाबामुळे चाक आणि हब यांच्यात घर्षण निर्माण होते, आणि गाडीचा बराचसा भार ते घर्षणच पेलते. नट ढिला असेल तर हे घर्षण उरत नाही. मग प्रत्येक फेऱ्याला चाक किंचित सरकते, बोल्टला आडवे धक्के बसतात आणि शेवटी नट निसटतो किंवा बोल्ट थकून तुटतो.

ही ओढ किती मोठी असते? अभियंते एक सोपे सूत्र वापरतात : टॉर्क = क × व्यास × ओढ. येथे 'क' हा घर्षणावर अवलंबून असणारा अंक आहे; कोरड्या, स्वच्छ पोलादी आट्यांसाठी तो सुमारे ०.२ धरतात. १२ मिलिमीटरचा बोल्ट १०० न्यूटन-मीटरने आवळला, तर ओढ येते १०० ÷ (०.२ × ०.०१२), म्हणजे सुमारे ४१,७०० न्यूटन. चार टनांहून अधिक वजनाएवढी! चार नट मिळून चाकाला सुमारे सतरा टनांच्या दाबाने धरून ठेवतात. आणि एवढ्यासाठी बोल्ट ताणला जातो किती? तीन सेंटीमीटर लांबीचा भाग ताणाखाली असेल, तर मिलिमीटरचा सुमारे सात शतांश भाग. म्हणजे आपल्या केसाच्या जाडीएवढा. बोल्ट याहून बराच जास्त ताणला की स्थितिस्थापकतेची मर्यादा ओलांडतो. मग तो परत आखडत नाही. कायमचा लांबतो आणि एके दिवशी मोडतो.

तेलाचा घोटाळा

आपल्याला हवी असते ओढ, पण ती मोजणे अवघड. म्हणून आपण टॉर्क मोजतो. मात्र लावलेल्या टॉर्कपैकी जवळजवळ निम्मा नटाच्या बुडाशी होणाऱ्या घर्षणात खर्च होतो आणि सुमारे ४० टक्के आट्यांमधल्या घर्षणात. बोल्ट ताणायला मिळतो जेमतेम दहावा हिस्सा.

म्हणूनच 'नट गंजू नये' म्हणून आट्यांना तेल किंवा ग्रीस लावणे धोक्याचे ठरते. तेलाने 'क' ०.२ वरून ०.१५ वर आला, तर त्याच १०० न्यूटन-मीटरला ओढ सुमारे ५५,५०० न्यूटन होते. म्हणजे एक तृतीयांशाने जास्त. पान्यावर आकडा बरोबर आणि बोल्ट मात्र गरजेपेक्षा जास्त ताणलेला! उलट आट्यांत गंज आणि माती असेल तर आकडा गाठला जातो, पण ओढ कमी पडते. त्यामुळे गाडीच्या पुस्तिकेत वेगळे सांगितले नसेल तर चाकाचे आटे ब्रशने स्वच्छ करावेत आणि कोरडे ठेवावेत. पान्याच्या अचूकतेची चर्चा करण्याआधी ही गोष्ट लक्षात ठेवलेली बरी : महागडा पाना घाणेरड्या आट्यांना सुधारू शकत नाही.

नळदुरुस्तीतून आलेला पाना

टॉर्क पान्याचा उगम मोटारींत नाही. १९१८ साली न्यूयॉर्क शहराच्या पाणीपुरवठा विभागात काम करणाऱ्या कॉनरॅड बार यांनी असा पाना तयार केल्याचे सांगितले जाते. जमिनीखालच्या नळांच्या जोडांवरचे बोल्ट कामगार जास्त आवळत आणि ते मोडत. ते टाळण्यासाठी ही युक्ती होती. पुढे इंजिने हलकी आणि जोड नाजूक होत गेले, तसा हा पाना मोटारींच्या कारखान्यांत अटळ झाला. आज लातूरजवळ रेल्वेच्या डब्यांचा कारखाना आहे. डिसेंबर २०२० मध्ये तेथून डब्याचा पहिला सांगाडा बाहेर पडला. अशा उद्योगात कोणता बोल्ट किती आवळायचा, हे कामगाराच्या मनगटावर सोडत नाहीत. ते कागदावर लिहिलेले असते.

तीन प्रकार

बाजारात मुख्यतः तीन प्रकारचे टॉर्क पाने मिळतात.

पहिला काट्याचा. याला दोन दांडे असतात. जाड दांड्याने आपण नट फिरवतो आणि तो किंचित वाकतो. बारीक दांड्यावर बल नसते, म्हणून तो सरळ राहतो आणि त्याचे टोक पट्टीवरचा आकडा दाखवते. वाकणे बलाच्या प्रमाणात असते, हा हूकचा नियमच येथे काम करतो. यात बिघडण्यासारखे काही नाही. काटा शून्यावर नसेल तर हाताने वाकवून शून्यावर आणता येतो. अडचण एकच : आकडा समोरून, सरळ पाहावा लागतो. तिरके पाहिले तर मोजपट्टी वाचताना होते तशी चूक होते, आणि गाडीच्या खाली आडवे पडून समोरून पाहणे सोपे नसते.

दुसरा क्लिक पाना. मुठीकडचे टोक फिरवून हवा तो आकडा लावायचा. आतली स्प्रिंग तेवढी दबते आणि एका छोट्या ठोकळ्यामार्फत आतल्या तरफेचे शेपूट धरून ठेवते. ठरलेला टॉर्क गाठला की ठोकळा कलंडतो, तरफ नळीवर आपटते आणि 'टक्' असा आवाज येतो. अंधारात, अडचणीच्या जागीही हा पाना चालतो. लक्षात ठेवा, हा पाना फक्त सूचना देतो; थांबवत नाही. 'टक्' झाल्यावरही ओढत राहिलात तर नट आणखी आवळला जातो.

तिसरा इलेक्ट्रॉनिक. तो आकडा दाखवतो आणि शिट्टीही वाजवतो, पण बॅटरी लागते आणि किंमतही जास्त. घरच्या कामाला त्याची गरज नाही.

कोणता घ्यावा?

दुकानात पहिला प्रश्न किमतीचा नव्हे, पल्ल्याचा विचारावा. २०० न्यूटन-मीटरचा पाना घेतला की सगळीच कामे होतील, असे वाटते. पण तसे नाही. टॉर्क पान्यांसाठी आयएसओ ६७८९ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यानुसार पाना त्याच्या कमाल क्षमतेच्या २०, ६० आणि १०० टक्क्यांवर तपासतात. म्हणजे २०० च्या पान्यावर ४० च्या खाली भरवसा ठेवता येत नाही. त्याने प्लग आवळणे म्हणजे धान्याच्या काट्यावर सोने तोलणे होय.

म्हणून आधी आपल्या कामांची यादी करावी आणि प्रत्येकाचा टॉर्क गाडीच्या पुस्तिकेतून लिहून काढावा. साधारण चित्र असे दिसेल : इंजिनवरच्या झाकणांचे लहान बोल्ट ८ ते १२, स्पार्क प्लग आट्याच्या आकारानुसार १० ते ३०, ऑइल काढायचा बोल्ट २५ ते ४०, चाकाचे नट ८० ते १२० न्यूटन-मीटर. एकच पाना या सगळ्यांना पुरत नाही.

पान्याच्या चौकोनी टोकाचा आकार पल्ल्याशी निगडित असतो. आपल्याकडचे मिस्त्री अजून सुतात बोलतात. आठ सुतांचा एक इंच. दोन सूत, म्हणजे पाव इंची टोकाचे पाने साधारण ५ ते २५ न्यूटन-मीटरचे, तीन सुती पाने १० ते ६० किंवा २० ते ११० चे आणि चार सुती, म्हणजे अर्धा इंची पाने ४० ते २०० च्या आसपासचे मिळतात.

दारात मोटारसायकल आणि एक जुनी मोटार असेल, आणि प्लग व ऑइल घरीच बदलायचे असेल, तर १० ते ६० पल्ल्याचा तीन सुती क्लिक पाना सर्वांत उपयोगी. नाजूक आट्यांना वाचवण्याचे काम तो करतो. तुम्ही फक्त चाकेच बदलत असाल, तर अर्धा इंची काट्याचा पाना स्वस्तात काम भागवतो; चाकाच्या नटासमोर उकिडवे बसून काटा सरळ पाहता येतो. घरच्या वापराचे क्लिक पाने साधारण दीड-दोन हजार रुपयांपासून मिळतात; नावाजलेल्या कंपन्यांचे त्याच्या कित्येक पट असतात. स्वस्त पाना घ्यायला हरकत नाही, पण चार गोष्टी पाहाव्यात.

पहिली, एकक. काही पान्यांवर फूट-पौंड किंवा इंच-पौंड हीच मुख्य पट्टी असते. एक फूट-पौंड म्हणजे १.३६ न्यूटन-मीटर, जुन्या पुस्तिकांतला एक किलोग्रॅम-मीटर म्हणजे ९.८ न्यूटन-मीटर. एकक चुकले की सगळेच चुकले.

दुसरी, अचूकता. १० न्यूटन-मीटरपेक्षा मोठ्या क्लिक पान्याला मानकानुसार अधिक-उणे ४ टक्के चूक चालते. काट्याच्या पान्याला ६ टक्के. सोबत तपासणीचा कागद आहे का ते पाहावे.

तिसरी, कुलूप. लावलेला आकडा काम करताना आपोआप फिरू नये.

चौथी, गोटी. गोटी नटावर नीट बसली पाहिजे. ढिली गोटी नटाचे कोपरे खाते.

बादलीने तपासणी

स्वस्त पाना खरे बोलतो का? हे शाळेतच तपासता येते, आणि नववी-दहावीच्या मुलांसाठी हा उत्तम प्रयोग आहे. लागतात ते बेंच व्हाइस, मोजपट्टी, दोरी, बादली आणि पाणी.

जाड लोखंडी पट्टीत १२ मिलिमीटरचा बोल्ट व नट साध्या पान्याने भरपूर आवळून बसवा आणि बोल्ट आडवा राहील अशी ती पट्टी व्हाइसमध्ये पक्की धरा. टॉर्क पाना ३० न्यूटन-मीटरवर लावा आणि बोल्टच्या डोक्यावर उजवीकडे आडवा बसवा. मुठीच्या बरोबर मध्यावर दोरीने बादली टांगा. बोल्टच्या मध्यापासून दोरीपर्यंतचे अंतर मोजा. समजा ते ३० सेंटीमीटर आहे.

पान्याचे स्वतःचे वजनही टॉर्क देते, ते विसरू नये. पाना पेन्सिलीवर तोलून त्याचा गुरुत्वमध्य शोधा. पाना अर्ध्या किलोचा आणि गुरुत्वमध्य चौकोनी टोकापासून १२ सेंटीमीटरवर असेल, तर त्याचा वाटा ०.५ × ९.८ × ०.१२, म्हणजे सुमारे ०.६ न्यूटन-मीटर. उरले २९.४. ते ०.३ × ९.८ ने भागले की येतात बरोबर १० किलोग्रॅम. बादली अर्ध्या किलोची असेल तर तिच्यात साडेनऊ लिटर पाणी पडताच 'टक्' झाले पाहिजे. नऊ लिटरनंतर पेल्याने, अगदी हळू ओता. बादलीसह ९.६ ते १०.४ किलोच्या दरम्यान आवाज आला तर पाना ४ टक्क्यांच्या आत आहे. २० आणि ४० न्यूटन-मीटरवरही हेच करून पाहा आणि आलेख काढा. अंतर मोजताना तीन मिलिमीटरची चूक झाली तर उत्तरात एक टक्क्याची चूक येते, हेही मुलांना दाखवता येईल. पान्याखाली हात वा पाय ठेवू देऊ नका.

प्रयोग झाल्यावर पाणी झाडांना घाला. २०१६ च्या उन्हाळ्यात ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेथे वेगळे सांगायला नको.

पाना सातत्याने पाच टक्के कमी दाखवत असेल तरी तो टाकाऊ नाही. त्याच्या डबीवर तशी नोंद करावी आणि तेवढी दुरुस्ती धरून वापरावा. प्रत्येक वेळी वेगळेच उत्तर देत असेल, तर मात्र तो परत करावा. ठरावीक चूक हिशेबात घेता येते, लहरी चूक नाही.

वापरताना

नट आधी हाताने आट्यांवर बसवावेत. चाकाचे नट समोरासमोर, आलटून पालटून आवळावेत, म्हणजे चाक हबवर सपाट बसते. शेवटचा टॉर्क चाक जमिनीला टेकल्यावर द्यावा आणि ५०-१०० किलोमीटर धावल्यावर पुन्हा तपासावा. क्लिक पाना मुठीच्या मध्यावरच धरावा. त्याची आतली बिजागरी चौकोनी टोकापासून थोडी अलीकडे असल्याने हात सरकला की उत्तरही सरकते. सावकाश ओढावे, एकदाच 'टक्' ऐकावे. गंजलेला नट सोडवायला हा पाना कधीही वापरू नये. ते काम साध्या पान्याचे. काम झाल्यावर स्प्रिंग सर्वांत खालच्या आकड्यावर आणून ठेवावी. टॉर्क पाना हे हत्यार कमी आणि मोजमापाचे साधन जास्त आहे. त्याला तराजूसारखे जपावे.

आता मी टायरच्या दुकानातून निघण्यापूर्वी नट हाताच्या पान्याने आवळून घेतो आणि घरी आल्यावर टॉर्क तपासतो. पहिल्यांदा मुलीला शेजारी बसवून हे केले, तेव्हा तिने विचारले, "बाबा, पान्याच्या टोकाला, दांड्याच्याच रेषेत, आणखी १० सेंटीमीटरची पट्टी जोडली, तर आकडा तोच लावायचा का?" तुमच्या वर्गात हा प्रश्न विचारून पाहा. पान्याचा दांडा ३० सेंटीमीटरचा आणि नटावर हवेत ४० न्यूटन-मीटर. पान्यावर किती लावाल? ज्याला दार आणि बिजागरी समजली, त्याला हेही जमेल.